कायद्यातली ए.टी.के.टी.

ए.टी.के.टी. म्हणजे काय हे आपल्या कॉलेजात कुणाला समजावून सांगायची गरज नाही! एम-थ्री राहिला, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स राहिला, तरी विद्यापीठ म्हणतं, "ठीक आहे, पुढच्या वर्षाला बस, पण राहिलेला विषय ठरलेल्या मुदतीत सोडव." नापासाचा शिक्का पुसला जात नाही, पण एका विषयासाठी पोराचं अख्खं वर्षही बुडत नाही. विचार करा, ही सोय नसती तर आपल्यातले किती जण आज गावाकडे मोटारीचं बटण दाबत बसले असते?

गंमत म्हणजे फौजदारी कायद्यातही अशीच एक ए.टी.के.टी. आहे. तिचं नाव प्रोबेशन. मराठीत परिवीक्षा. हा शब्द मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फक्त नोकरीच्या संदर्भात माहीत होता, 'दोन वर्षं प्रोबेशनवर' असा. दुसरा अर्थ कळला तो एका कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

जमिनीच्या तारखेसाठी चुलत्यांबरोबर गेलो होतो. शेजारच्या बाकावर एक बाई वकिलांशी बोलत होत्या. त्यांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी विहिरीवरची केबल कापून तांबं विकलं होतं. त्यानं गुन्हा कबूल केला, पहिलाच होता, म्हणून त्याला तुरुंगात न पाठवता बाँडवर सोडलं. अट एकच, दर महिन्याला हजेरी. दोन-तीन महिने सगळं नीट चाललं. मग कारखाने पेटले आणि पोरगं टोळीबरोबर ऊसतोडीला गेलं. हजेऱ्या चुकल्या आणि वॉरंट निघालं.

"मुकादमाची उचल घेतलेली बाबा," त्या बाई म्हणत होत्या, "न जाऊन कसं भागंल? चोरी केली तव्हा सोडलं, आन् कामाला गेला तर धरलं. ह्ये कसं काय?"

वकीलसाहेब काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चहाचा कप खाली ठेवला. मला मात्र त्या बाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून कायदा वाचला. जे हाती लागलं ते आपल्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न.

प्रोबेशन म्हणजे नेमकं काय?

या गोष्टीची सुरुवात एका चांभारकाम करणाऱ्या माणसापासून होते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा कारागीर होता. १८४१ साली त्यानं कोर्टात एका दारुड्याचा जामीन भरला आणि न्यायाधीशांना सांगितलं की याला तुरुंगात टाकू नका, थोडे दिवस माझ्या ताब्यात द्या. तीन आठवड्यांनी तोच माणूस शुद्धीवर, नीटनेटका असा कोर्टात उभा राहिला. ऑगस्टसनं पुढे १८५९ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ दोन हजार लोकांची जबाबदारी अशीच अंगावर घेतली. तो सरकारी नोकर नव्हता, आणि या कामासाठी त्याला कुणी पगारही देत नव्हतं. लोकांना कामाला लावणं, घर बघून देणं, वेळेवर कोर्टात हजर करणं, एवढंच तो करायचा. प्रोबेशनची जगातली पहिली आवृत्ती ही अशी होती.

आपल्याकडे मुंबई प्रांतानं १९३८ मध्येच असा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर संपूर्ण देशासाठी 'अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८' आला. तो आजही लागू आहे. त्यातली मोजकी कलमं आपण बघू.

कलम ३ सांगतं की साधी चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं.

कलम ४ म्हणजे खरी ए.टी.के.टी. गुन्हा सिद्ध झाला, पण तो फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा नाही, तर कोर्ट शिक्षा न सुनावता आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. जोडीला परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते, ती किमान एक वर्षाची.

कलम ५ प्रमाणे ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायला लावता येते.

कलम ६ एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. तिथे चक्र उलटं फिरतं. जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा मुलाला तुरुंगात पाठवायचंच नाही हा नियम. पाठवायचं असेल तर कोर्टानं परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कारणं लिहायची.

कलम १२ म्हणतं की प्रोबेशनवर सुटलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. पण लक्षात ठेवा, हा निर्दोष सुटल्याचा दाखला नव्हे. दोष सिद्ध झालेलाच असतो. मार्कशीटवर विषय राहिलेला दिसतो, तसंच हे.

आणि कलम १४ मध्ये परिविक्षा अधिकाऱ्याची कामं दिली आहेत. चौकशी करणं, देखरेख ठेवणं, भरपाई फेडायला मदत करणं आणि गरज असेल तिथे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं. हो, काम मिळवून देणं हे कायद्यातच लिहिलंय! म्हणजे ऑगस्टसचा आत्मा कायद्यात शाबूत आहे. घोटाळा होतो तो पुढे.

पाथर्डीचं कॅलेंडर वेगळं आहे

पाथर्डी तालुका ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अहिल्यानगरहून (आपल्या तोंडातून अजून 'नगर'च निघतं) करंजी घाट चढून गेलं की पन्नासेक किलोमीटरवर आमचं गाव. पाऊस कमी आणि जमीन मुरमाड. आदिनाथनगरला वृद्धेश्वर साखर कारखाना आहे, पण तालुक्यातले हजारो हात दरवर्षी बाहेर जातात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि नवरा-बायकोचा एक 'कोयता' अशा हिशोबानं टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकातही, जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परततात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि तीही बहुतेक वेळा दवाखान्यात, लग्नात किंवा बियाण्यात खर्च झालेली. म्हणजे कामाला जाणं ही मर्जीची बाब उरत नाही.

आता या कॅलेंडरवर एक साधी अट ठेवून बघा. 'दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी हजर राहावे, परवानगीशिवाय जिल्हा सोडू नये.' कागदावर ही अट अगदी सौम्य दिसते. पगारदार माणसाला ती एका रजेत निभावता येते. ऊसतोड्याला मात्र ती निम्मं वर्ष पाळताच येत नाही. त्यानं अट पाळली तर उचल अंगावर येते आणि कामाला गेला तर वॉरंट. टपरीवरच्या त्या बाईंनी नेमकं हेच विचारलं होतं.

आणखी एक अडचण कलम ४ मध्येच आहे. बाँडवर सोडण्याआधी कोर्टाची खात्री व्हावी लागते की आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं ठराविक राहण्याचं ठिकाण किंवा नियमित काम आहे. ज्याचं अर्धं वर्ष उसाच्या फडात, कोपीत जातं त्यानं कुठला पत्ता द्यायचा? मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीला जे भटके समाज राज्यभरातून जमतात, त्यांनी कुठला द्यायचा? जामीनदार म्हणाल तर सातबारा असलेला माणूस गरिबामागे सहसा उभा राहत नाही. १९७८ च्या मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच गोष्ट आली होती. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम हजारावर आणली आणि जिल्ह्याच्या हद्दीवरून जामीनदार नाकारणं चूक ठरवलं. तो निकाल जामिनाबद्दलचा आहे, पण गरिबाच्या पत्त्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

तिसरी अडचण आहे वेळेची. एकवीस वर्षांखालच्यांचं कलम ६ वय कधीचं मोजतं? सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रामजी मिस्सर खटल्यात सांगितलं की गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरायचं नाही, खालचं कोर्ट दोष ठरवून पुढचा निर्णय घेतं त्या दिवशीचं धरायचं. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी केबल कापणाऱ्याचा खटला तीन वर्षं रेंगाळला तर तो बावीसचा होतो आणि कलम ६ चं छत्र जातं. कलम ४ उरतं, पण ते कोर्टाच्या मर्जीचं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात 'डेड टाइम' लिहून आपण दोन मार्क मिळवतो, इथे त्याच डेड टाइमनं एखाद्याचा हक्कच जातो.

हजेरीचा जुना इतिहास

आपल्या भागात 'हजेरी' या शब्दाला एक वाईट वास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्यानं तो मुंबई प्रांतातही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. गुन्हा केलेला असो वा नसो, हजेरी द्यायची आणि गाव सोडायला पास घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट' होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती 'विमुक्त'. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची नजर तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' वाचलं असेल तर वेगळं सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता खटल्यात तुरुंगाच्या नियमांतले जातीवरचे भेद रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक करू नये असंही बजावलं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण असं की देखरेख दोन प्रकारची असते. एक ऑगस्टसची, 'तुझं काय अडलंय?' असं विचारणारी. दुसरी सेटलमेंटची, 'तू कुठायस?' एवढंच विचारणारी. कागदावर दोन्हींत हजेरी असते, म्हणून त्या सारख्या दिसतात. आपलं प्रोबेशन पहिल्या प्रकारचं व्हावं असा कायद्याचा हेतू आहे. एका अधिकाऱ्याकडे अख्खा जिल्हा आणि जोडीला दहा इतर कामं दिली की ते आपोआप दुसऱ्या प्रकारचं होतं, कारण हजेरीची सही घ्यायला एक मिनिट लागतं आणि काम शोधून द्यायला एक महिना.

जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं?

इथे आपल्यातले बरेच जण म्हणतील, "अरे, चोरी केलीय ना? मग जरा कडक ठेवलं तर बिघडलं कुठे?"

मलाही तसंच वाटत होतं. पण आपण इंजिनीअर आहोत. फीडबॅक लूपमध्ये गेन वाढवत नेला की सिस्टिम सुधारत नाही, डोलायला लागते आणि शेवटी अस्थिर होते, हे आपण लॅबमध्ये डोळ्यांनी बघितलंय. माणसांच्या बाबतीत असंच काहीसं कॅनडातल्या अँड्र्यूज, बोंटा आणि होज या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं. त्याला 'जोखमीचं तत्त्व' म्हणतात. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा व्हायची शक्यता जास्त, त्याला जास्त वेळ आणि जास्त मदत द्या. ज्याच्याकडून शक्यता कमी, त्याच्यामागे फार लागू नका, त्यानं फायद्याऐवजी तोटा होतो. कारण सोपं आहे. त्याला सरळ ठेवणाऱ्या गोष्टी म्हणजे काम, घर, बायको-पोरं. रोजची हजेरी नेमक्या याच गोष्टी तोडते आणि वर त्याला पक्क्या गुन्हेगारांच्या रांगेत बसवते.

अमेरिकेनं याची किंमत मोजली आहे. २०१९ मध्ये तिथल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की राज्यांच्या तुरुंगांत नव्यानं येणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक प्रोबेशन किंवा पॅरोलच्या अटी मोडल्यामुळे आले होते. त्यात नवा गुन्हा करणारे होते, तसे नुसती हजेरी चुकवणारेही पुष्कळ होते. म्हणजे तुरुंगाला पर्याय म्हणून काढलेला रस्ता फिरून तुरुंगाच्याच दारात आला!

न्यूयॉर्क शहरानं मग उलटी वाट धरली. कमी जोखमीच्या लोकांना अधिकाऱ्यासमोर तासन्‌तास बसवण्याऐवजी एटीएमसारख्या यंत्रावर हजेरीची सोय केली आणि वाचलेला वेळ जास्त जोखमीच्या लोकांना दिला. कमी जोखमीच्या लोकांमधली पुन्हा अटक होण्याची संख्या त्यामुळे वाढली नाही. पुढे २०१०-१४ या काळात व्हिन्सेंट शिराल्डी प्रोबेशन खात्याचे आयुक्त असताना कार्यालयंच वस्त्यांमध्ये नेली, तिथल्याच संस्थांच्या जोडीनं. माणसानं जिल्ह्याला चकरा मारण्याऐवजी खातंच गल्लीत आलं.

"आणि कोठेवाडीचं काय?"

हा लेख लिहितोय म्हटल्यावर आमच्या घरातूनच हा प्रश्न आला, आणि तो टाळता येणार नाही. जानेवारी २००१ मध्ये आमच्याच तालुक्यात कोठेवाडीला दरोडा आणि सामूहिक अत्याचार झाला. त्या भीतीनं कित्येक वाड्या-वस्त्यांवर लोकांनी रात्री जागून काढल्या. ज्यांनी ते दिवस बघितले त्यांना 'गुन्हेगाराला संधी द्या' असं सांगायला गेलं तर ते आपल्याला दारातही उभं करणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, दरोडा आणि सामूहिक बलात्कार हे जन्मठेपेपर्यंत शिक्षेचे गुन्हे आहेत. कलम ४ त्यांना लागूच होत नाही. आपण बोलतोय ते केबल, कोंबड्या, मोबाईल, भांडणातली मारामारी, फुटलेलं डोकं अशा गुन्ह्यांबद्दल. पण भीतीमुळे आपल्या मनात दोन्ही एकाच पोत्यात जातात, आणि विशिष्ट समाजाचा पोरगा असेल तर फारच लवकर जातात. घाटातल्या दरडीचा आणि रस्त्यावरच्या खड्ड्याचा उपाय एक नसतो, हे सिव्हिलवाल्यांनी तरी मान्य करावं.

शिवाय ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याचा विचार करा. चोर सहा महिने आत बसला तर शेतकऱ्याच्या हाती काय पडतं? पिकाला पाणी देता येत नाही ते नाहीच. कलम ५ प्रमाणे कोर्टानं भरपाई लावली आणि चोर कामावर असला, तर निदान केबलचे पैसे परत यायची आशा तरी असते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच विचार थोडा पुढे गेलाय. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

तुरुंगांची अवस्था तर बघूच नका. २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसं होती आणि दर चारपैकी तीन कैदी अजून दोषी न ठरलेले, म्हणजे कच्चे होते.

गॅजेट लावून प्रश्न सुटेल का?

आपल्या होस्टेलवर हा विषय काढला तेव्हा पहिली आयडिया आली ती पायात जीपीएस पट्टा बांधायची. दुसरी, लोकेशन पाठवणारं ॲप. आपल्याला सोल्डरिंग गन दिसली की सगळे प्रश्न सर्किटचे वाटतात!

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फ्रँक व्हिटस खटल्यात सांगितलं की गुगल मॅप्सवरून सतत आपलं ठिकाण कळवत राहा ही जामिनाची अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सेटलमेंटची तार काढून पायात सॅटेलाइटची तार बांधली तर आपण नेमकी काय प्रगती केली?

उपयोगी तंत्रज्ञान बरंच साधं असतं. न्यूयॉर्कमध्येच समन्सचा फॉर्म सोप्या भाषेत, तारीख ठळक दिसेल असा छापला, तर गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. मोबाईलवर आठवणीचे मेसेज पाठवले तर २१ टक्क्यांनी. हा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. म्हणजे गैरहजर राहणारे बरेच जण पळून गेलेले नसतात, विसरलेले किंवा गोंधळलेले असतात. आपल्याला सबमिशनची तारीख सी.आर.नं तीनदा सांगावी लागते, हे आठवून बघा.

मग करायचं काय?

सगळ्यात चांगली बातमी अशी की बहुतेक सुधारणांना नवा कायदा लागत नाही. १९५८ च्याच कायद्यात जागा आहे, ती वापरायला हवी.

पहिलं, अट लावताना हंगाम विचारा. 'जिल्हा सोडू नये' याऐवजी 'कुठल्या कारखान्यावर, कुठल्या टोळीत जाणार ते कळवावे' अशी अट लावता येईल. हंगामात हजेरी फोनवर घेता येईल. आधीच लागलेली अट कलम ८ प्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर बदलता येते.

दुसरं, माणूस जिथे जाईल तिथे देखरेख न्या. कलम १३ प्रमाणे एका अधिकाऱ्याच्या जागी दुसरा अधिकारी नेमता येतो. पोरगं हंगामभर सांगली-कोल्हापूरकडे असेल तर तिथला अधिकारी का नको?

तिसरं, जामीनदाराचा हट्ट कमी करा. कलम ४ मध्ये 'जामीनदारासह किंवा जामीनदाराविना' असे स्पष्ट शब्द आहेत. राहण्याच्या ठिकाणाबद्दलही, बाँडच्या काळात माणूस जिथे राहण्याची शक्यता आहे ते ठिकाण चालतं.

चौथं, तालुक्याला माणूस द्या. कलम १३ प्रमाणे सरकारमान्य संस्थेचा कार्यकर्ताही परिविक्षा अधिकारी होऊ शकतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर आणि सुटलेल्यांबरोबर काम करतोय. त्यातून शिकून तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस बसणारा माणूस मिळाला तर पन्नास किलोमीटरची चक्कर आणि एक दिवसाची मजुरी वाचेल.

पाचवं, चूक झाली तर पायरीपायरीनं जा. कलम ९ मध्ये वॉरंटच्या जागी समन्स काढता येतं आणि पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बाँड चालू ठेवता येतो. पन्नास रुपये आज हास्यास्पद वाटतील, पण कायदा करणाऱ्यांचा विचार बघा. पहिली चूक म्हणजे तुरुंग नव्हे, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

सहावं, नीट वागला तर लवकर मोकळं करा. देखरेखीची गरज उरली नाही असं दिसलं तर कलम ८ प्रमाणे कोर्ट बाँड मुदतीआधी संपवू शकतं. बक्षीस दिसत असेल तर माणूस पळतो, हे काय आपल्याला माहीत नाही?

सातवं, मोजा. किती जणांना प्रोबेशन मिळालं, किती जणांनी ते पूर्ण केलं, किती जण नव्या गुन्ह्यामुळे परत आले आणि किती नुसत्या हजेरीमुळे, किती फिर्यादींना भरपाई मिळाली. शेवटचे तीन आकडे वेगवेगळे मोजले नाहीत तर बिघाड कुठल्या पार्टमध्ये आहे ते कधीच कळणार नाही.

एक जुना प्रयोग आणि एक इंजिनीअर

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "असलं आपल्याकडे चालत नाही." तर चाललंय, आणि महाराष्ट्राच्याच मातीत. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत काढली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैदी कुटुंबासह राहून शेती करणार. या कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा माणूस होता, आणि शिक्षणानं तो इंजिनीअर होता बरं का! व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच वसाहतीवरून सुचला. पटकथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. स्वतंत्रपूर आजही आहे. ते प्रोबेशन नव्हे, तिथे शिक्षा झालेले कैदी राहतात. पण त्यामागचा हिशोब तोच. माणसाला काम आणि घरची माणसं यांच्याशी बांधलं तर तो पळत नाही.

टपरीवरच्या त्या बाईंकडे परत येतो. वकीलसाहेबांनी चहा संपवून शेवटी त्यांना एवढंच विचारलं, "मुकादमाकडून लिहून मिळेल का, पोरगं कुठल्या तारखेपासून कुठल्या कारखान्यावर होतं ते?" बाई म्हणाल्या, "आणते की." आणि लगबगीनं उठून स्टँडकडे गेल्या.

पुढे काय झालं मला माहीत नाही. पण माझ्या मनात आलं की हा कागद हंगामाच्या आधी मागितला असता तर? पोरगं जाताना 'इथे चाललोय' असं सांगून गेलं असतं आणि कुणीतरी ते वहीत लिहून घेतलं असतं, तर ना वॉरंट निघालं असतं, ना त्या माउलीची एक दिवसाची मजुरी बुडाली असती. एवढ्याशा नोंदीला ना निधी लागतो ना टेंडर.

दर सेमिस्टरला निकालाच्या बोर्डासमोर उभं राहून 'ए.टी.के.टी. बसली, वाचलो!' असं ओरडणारे आपण. पुढच्या वेळी पेपरात 'आरोपीची बाँडवर सुटका' ही बातमी वाचून 'सोडला फुकटात' असं तोंडातून निघायच्या आधी तो बोर्ड एकदा आठवूया. सुटका फुकट नसते. विषय सोडवायचा राहिलेला असतो, आणि तो सोडवता येईल असं वेळापत्रक देणं ही परीक्षा घेणाऱ्याची जबाबदारी असते.